जोडीच्या बैलाचं आवतन

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी काचेचं कपाट उघडलं ते केवळ नातीचं रडणं थांबवायला. त्या दिवशी पोरं लाकडी बैल ओढत मिरवतात, पण चिमीला बाजारातला रंगीत बैल नको होता. तिला आबाचा म्हातारा बैल बघायचा होता. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, असं दहादा बजावून मी दार सरकवलं, आणि बैलाच्या तोंडाखाली मला मुंग्या दिसल्या. सगळ्या मेलेल्या, चांगल्या मूठभर. बैलाच्या नाकपुडीत मी दाबलेलं मेण सुटून एक तपकिरी थेंब फळीवर ओघळला होता आणि त्याच्या भोवतीनं त्या पडल्या होत्या.

मी चिमीला मागं ओढलं. जरा जोरातच ओढलं असेन, कारण ती पडली आणि माझी सून प्रणाली स्वयंपाकघरातून धावत आली.

"काय झालं बाबा? कावून ओढलं तिले?"

"काई नाई. तिचे हात धू. साबणानं धू."

"तिनं तं हातच नाई लावला."

"धू म्हणलं ना."

तिनं कपाटात पाहिलं, मुंग्या पाहिल्या, मग माझ्याकडं पाहिलं. "काय लावलं तुमी त्याले?" तोवर माझी नजर बैलाच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर गेली होती. अक्षर माझंच. 'हिवरखेड. मनकर्णाबाईंच्या घरचा, त्यांच्या सासऱ्यांनी सागवानात कोरलेला. जोडीतला डावा. तान्ह्या पोळ्याला दुपारी पुरणपोळीचा पहिला घास बैलाच्या तोंडाला लावतात आणि तोच घरातल्या सर्वांत लहान लेकराला भरवतात.' त्याखाली लाल शाईत, नवीन ओळ: 'औषध भरले आहे. हात लावू नये.'

जोडीतला उजवा बैल हिवरखेडला होता. त्याच्याही तोंडात मीच, त्याच बाटलीतलं औषध, पंधरा दिवसांपूर्वी भरलं होतं. त्याच्या गळ्यात चिठ्ठी नव्हती. आणि त्या घरातलं सर्वांत लहान लेकरू, मनकर्णाबाईंचा पणतू देवांश, म्हणजे देवू, चार वर्षांचं होतं.

घड्याळात पावणेनऊ वाजले होते.

पुढचं सांगण्याआधी मी कोण ते सांगायला हवं, नाहीतर माझ्यावर त्या दिवशी कुणी विश्वास का ठेवला नाही ते कळायचं नाही. मी शालिकराम, तीस वर्षं अकोला आगारात एसटीचा कंडक्टर. दुसरे कंडक्टर ड्यूटीवरून येताना घरी भाजी आणत, मी भंगार आणी. भंगार हा माझ्या बायकोचा शब्द. ती गेली, शब्द घरात राहिला. अचलपूरचा पितळी मोराचा दिवा, अंजनगावची कवड्या लावलेली टोपली, भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती, भोपळ्याची तुंबडी, बैलाची जुनी झूल, काय वाटेल ते. चोहोट्ट्याला एका समईसाठी मी भरलेली गाडी दहा मिनिटं उभी ठेवली आहे आणि प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात. मी बोलून बोलून दुसऱ्यांची बोरं उचलली. कुणाला सांगितलं, हा अडकित्ता अपशकुनी आहे. कुणाला सांगितलं, या लाकडाला भुंगा लागला, तो आता घराच्या चौकटीला लागणार. खोटं बोलताना मला कधी लाज वाटली नाही. वस्तू वाचली, एवढं पुण्य मला पुरत होतं.

मनकर्णामायचे बैल मी वीस वर्षं बघत होतो. हातभर उंच, चाकांवर उभे, पाठीवर लाकडातच कोरलेली झूल, आणि तोंड असं की आत्ता रवंथ करतील. तीन वर्षं मागे लागल्यावर एकदाचा डावा तिनं दिला, त्यालाही आता तीन वर्षं झाली. उजवा दिला नाही. "जोडी फुटली माह्या हातानं," ती म्हणाली. "आता एक तं राहू द्या पोट्ट्याले." मी थांबायचं ठरवलं. म्हातारी ऐंशीच्या घरातली, मी सहासष्टचा. हा हिशेब मी मनातल्या मनात केला, पण केला.

पंधरा दिवसांपूर्वी तिच्याकडं गेलो तर उजव्या बैलाच्या पायाशी पिठासारखा भुसा पडला होता. नाकपुडीत आणि शिंगांच्या मुळाशी बारीक भोकं. माझ्या डाव्याला तशीच लागली होती. म्हातारीच्या आधी बैलच जातो की काय, अशी मला धास्ती पडली. गोठ्यात कपाशीवर फवारायच्या औषधाची अर्धी बाटली होती. आमच्याकडं ती कोणत्याही घरी सापडते. इंजेक्शनची सुई माझ्या पिशवीत असतेच. एकेका भोकात औषध भरलं, वरून गेरू कालवलेलं मेण दाबलं आणि वास झाकायला जवसाच्या तेलात कापूर घालून सगळा बैल पुसला. थोडं औषध शिशीत घालून घरी आणलं आणि माझ्या बैलालाही तेच केलं.

"काय लावून राहिले भाऊ?" मनकर्णामायनं तेव्हा विचारलं होतं.

"तेल पाजलं माय," मी म्हणालो.

विष म्हटलं असतं तर तिनं बैल देवाजवळ ठेवला नसता, आणि मला पुन्हा त्याला हात लावू दिला नसता. घरी येऊन माझ्या बैलाला मात्र मी लाल शाईची ओळ लिहिली, कारण माझ्या घरात चिमी होती. आपला तो बाब्या म्हणतात ते हेच. घासाची ती रीतसुद्धा मीच तिच्याकडून विचारून चिठ्ठीत उतरवली होती. पण लिहून घेतलेली रीत आणि घास खाणारं लेकरू, ही दोन कधी माझ्या डोक्यात एकत्र आलीच नाहीत.

शिवाय आदल्या संध्याकाळी, मोठ्या पोळ्याच्या दिवशी, तिचा फोन आला होता. दरवर्षी येतो. तिच्या घरी लाकडी बैलांचेही खांदे गरम पाण्यानं शेकतात, कोमट तूप-हळद चोळतात आणि त्यांच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. डावा माझ्याकडं, म्हणून त्याचं आवतन ती मला फोनवर देते. "घेऊन या भाऊ त्याले. जोडीनं जेवू द्या." मी दरवर्षी "येतो माय" म्हणतो आणि जात नाही. कालही म्हटलं होतं.

गरम पाणी, कोमट तूप, आणि मी दाबलेलं मेण. माझ्या कपाटात ते नुसत्या उन्हानं सुटलं होतं.

मी तिच्या नातवाला, गजेंद्रला फोन लावला. बंद. परत लावला, बंद. मग त्याच्या बायकोला लावला. रागिणीनं उचलला, मागं भांड्यांचा आवाज होता.

"रागिणी, तो बैल कुठी हाये?"

"हाये ना आबा. देवू ओढून राहिला अंगणात."

"काढ त्याच्या हातातून. दूर ठेव. त्याच्या तोंडात विष हाये."

"कोणाच्या तोंडात?"

"बैलाच्या. फवाऱ्याचं औषध. म्या भरलं."

ती थोडी थांबली आणि हसली. कुत्सित नव्हतं ते हसणं, लहान पोराच्या थापेला हसतात तसं होतं. "मांगच्या वर्षी म्हणे भुंगा चौकटीले लागते. त्याच्या मांगच्या वर्षी म्हणे फुटकी जोडी घरात ठेवू नोका. आता विष का? एक दिवस तं खेळू द्या आबा त्याले."

"खोटं नाई बोलून राहिलो मी. तुह्या लेकराची आन."

हे बोलायला नको होतं. तिचा आवाज एकदम बदलला. "लेकराची आन घेता सणाच्या दिवशी? बैल नाई भेटत तुमाले, सांगून ठेवते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, तिनं कापला. नंतर लागतच नव्हता.

हिवरखेडच्या स्टँडवर महादेवरावांचं चहाचं दुकान आहे. त्यांना लावला. सगळं सांगितलं, एका दमात. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "शालिकराम, माह्या बापाचा अडकित्ता नेला तवा बी तुमचा आवाज असाच कापत होता." जातो जरा गिऱ्हाईक कमी झालं की, असंही म्हणाले, पण त्यांच्या जाण्यावर माझा विश्वास नव्हता. पोलिसांना फोन करावा असं मनात आलं होतं. खरं सांगतो, तेवढी छाती झाली नाही. विष कुणी भरलं, असं ते पहिल्यांदा विचारणार होते.

प्रणालीला सगळं सांगावंच लागलं. तिनं चिमीला कडेवर घट्ट धरलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तुमी निघा. मी माह्या नंबरवरून लावत राहते."

सव्वानऊची अकोट गाडी मिळाली. याच रस्त्यावर मी आयुष्य काढलं. पूर्णेचा पूल कधी येतो, खड्डा कुठं आहे, डोळे मिटून सांगू शकतो. त्या दिवशी ते माहीत असण्याचाच जाच झाला. चोहोट्ट्याला गाडी थांबली. कुणाची तरी म्हातारी मागं राहिली होती, म्हणून तिचा माणूस दारात उभा राहून कंडक्टर मुलीला विनवत होता, दोन मिनिटं ताई, दोन मिनिटं. मी दात आवळून त्याला शिव्या घातल्या. इथंच माझ्यासाठी थांबलेल्या गाडीत कोण कशासाठी घाईत होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

एकदा फवारणी करताना पडलेल्या एका गड्याला माझ्याच गाडीतून अकोटला नेलं होतं. तोंडातून सारखी लाळ, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, दंडाचं मांस आपोआप उडत होतं. तो गडी वाचला. पण तो चांगला सहा फुटी होता, आणि त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं, नुसतं अंगावर पडलं होतं. देवू माझ्या गुडघ्याएवढा. मी त्याच्या वजनाचा अंदाज करू लागलो आणि मध्येच थांबलो. खिडकीबाहेर तोंड काढून बसलो.

अकोटला उतरलो तेव्हा अकरा वाजायला आले होते. प्रणालीचा फोन आला. "उचलतच नाई बाबा कोणी." सणाचा स्वयंपाक, फोन कुठंतरी चार्जिंगला लावलेला, हे मला दिसत होतं. हिवरखेडची गाडी अर्ध्या तासानं होती. मी जीपवाल्याला पकडलं. तो भरल्याशिवाय हलेना. शेवटी मागं लटकलेल्या दोघांसकट जीप निघाली आणि अडगावला पुन्हा उतारूंसाठी थांबली. रस्त्यात गावोगाव पोरं लाकडी बैल ओढत चालली होती, टोप्या घालून, कपाळाला गंध लावून. प्रत्येक पोराच्या तोंडाकडं मी बघत होतो.

हिवरखेडला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. महादेवराव दुकानातच होते, गिऱ्हाइकाला चहा देत होते. मी थांबलो नाही. सहासष्टाव्या वर्षी मी त्या गल्लीतून पळालो.

अंगण रिकामं होतं. सारवलेल्या जमिनीवर लाकडी चाकांच्या रेघा गोलगोल फिरून ओसरीपर्यंत गेल्या होत्या. ओसरीत बाजेवर देवू कुशीवर पडला होता. डोळे मिटलेले. तोंड उघडं, आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गालावर उतरून गोधडीत जिरली होती.

बाजेजवळ गुडघे टेकले आणि अंगठ्यानं त्याची पापणी वर केली. बाहुली केवढी आहे ते बघायला वाकलो. पोरगं दचकून उठलं आणि जीव खाऊन ओरडलं.

रागिणी आतून धावली. "कावून उठवलं त्याले? आत्ताच झोपला रडून रडून."

"खाल्लं का त्यानं? घास खाल्ला का?"

"बुढी खाऊ देईन तवा ना," ती चिडून म्हणाली. "जोडी आल्याबिगर घास नाई म्हणे. आवतन घेतलं म्हणे कंडक्टरभाऊनं, येतेच म्हणे. बारा वाजून गेले, पोट्टं उपाशी. तुमी कवा येता का, असं म्या शंभरदा सांगलं तिले."

ज्या माणसानं तीन वर्षं 'येतो' म्हणून थाप मारली, त्याची वाट बघत म्हातारी बसली होती. तेवढ्यानं पोरगं वाचलं होतं.

देवघराच्या दारात दोन पाट मांडले होते. एकावर उजवा बैल, हळदीतुपानं चकचकीत, तोंडापुढं ताटात पुरणपोळी. दुसरा पाट रिकामा, पण त्याच्याभोवतीही रांगोळी काढलेली आणि पुढं ताट वाढलेलं. मनकर्णामाय भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला, मग तिची नजर माझ्या हातांकडं गेली, मग माझ्या मागं.

"आले का भाऊ? कुठी हाये तो?"

"नाई आणला माय."

मी वाकून पाटावरचा बैल उचलला. नाकपुडीतलं मेण नव्हतं. रागिणीनं मागून माझा दंड पकडला. "आबा, म्या म्हणलं होतं. बुढी, पाह्य, बैल न्यायलेच आले." मी कितीही सांगितलं तरी ती दंड सोडेना. वास दाखवावा तर तूप, कापूर, उदबत्ती यांत काही कळायला मार्ग नव्हता. खरं सांगायची पाळी आली आणि माझ्याजवळ खऱ्यासारखं दिसेल असं काहीच उरलं नव्हतं.

मी दंड हिसकून अंगणात गेलो. सरपणाच्या ढिगाला कुऱ्हाड टेकलेली होती. बैल दगडावर ठेवला. माझ्या उभ्या आयुष्यात इतकी देखणी वस्तू मी दुसरी पाहिली नव्हती, आणि ती आपली व्हावी म्हणून मी एका म्हातारीच्या मरणावर डोळा ठेवून बसलो होतो. पहिला घाव सरकला आणि शिंग उडालं. दुसऱ्या घावाला तोंड नाकापासून मानेपर्यंत उभं चिरलं. आतून लाकूड ओलं होतं.

मग वास आला. कपाशीच्या मुलखात तो वास कुणाला ओळखून द्यावा लागत नाही. रागिणीनं पदर नाकाला लावला. तिचा रंग उतरला. ती वळली, देवूला उचललं, मोरीवर नेऊन त्याचे हात, तोंड, गळा साबणानं धुऊ लागली, तो ओरडत असताना दोनदा, तीनदा. नंतर शेजारच्याच्या मोटारसायकलवर बसून त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

ती येईपर्यंत मी अंगणात उन्हात बसून राहिलो. मनकर्णामाय ओसरीच्या कडेला येऊन बसली. तिनं तुकड्यांकडं हात नेला तेव्हा मीच ओरडलो, "हात नोको लावू माय." तिनं हात मागं घेतला. खड्डा मी खणला, कुडाच्या बाहेर, आणि तुकडे, घुंगरू, पुढचं ताट, सगळं त्यात घातलं.

"अन् तुमच्या जवळचा?" तिनं विचारलं.

"त्याच्याही तोंडात तेच हाये."

"म्हंजे जोडी गेली," ती म्हणाली. "तेल पाजलं म्हणे तुमी."

त्या क्षणी तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन तासांनी रागिणी परत आली. डॉक्टरांनी पोराला नीट तपासलं होतं, बसवून ठेवलं होतं, काही नव्हतं. तिच्या कडेवर देवू पोळी पाहिजे म्हणून रडत होता. माझ्याकडं न बघता ती आत गेली. मी उठलो आणि चपला शोधू लागलो.

"कुठी चालले?" मनकर्णामाय म्हणाली. "आवतन घेतलं होतं ना तुमी? हात धुवा."

तिनं तांब्यानं माझ्या हातांवर पाणी ओतलं. मी साबण लावून धुतले. "आणखी," ती म्हणाली. मी पुन्हा धुतले. "आणखी." चौथ्या खेपेला तिनं तांब्या खाली ठेवला आणि मला आत नेऊन त्या रिकाम्या पाटावर बसवलं, रांगोळीच्या आत, डाव्या बैलाच्या जागी. नवीन पोळी तिनं स्वतः तव्यावरून आणली. देवूला मांडीवर घेतलं. पोराचं तोंड उघडंच होतं, पण तिनं त्याचा हात धरून ठेवला.

"पहिला घास तुमच्या तोंडाले लागू द्या," ती म्हणाली. रागावली नव्हती, रोजचं काही सांगावं तसं म्हणाली. "मंग त्याले देईन."

तिनं पोळीचा तुकडा मोडला आणि माझ्या तोंडापुढं धरला. मी एक कोपरा खाल्ला. उरलेला तुकडा तिनं हातातच ठेवला आणि कितीतरी वेळ माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिली. मग तो देवूला भरवला.